एवढी शिकून बाटल्याच धुते का?

तुमच्या घरात, नात्यात नाहीतर मजल्यावर एखादी तरी मुलगी अशी असेलच, जी बायोकेमिस्ट्री नाहीतर बायोटेक्नॉलॉजी घेऊन एम.एस्सी. झाली आहे आणि आता "लॅबमध्ये जाते". बँकेत जाते म्हटलं की कळतं, शाळेत शिकवते म्हटलं की कळतं. लॅबमध्ये जाते म्हणजे नेमकं काय करते? रक्त-लघवी तपासते? नाही. औषधं बनवते? तसंही नाही. मग तिची आई जरा चाचरतच सांगते, "काहीतरी प्रोटीनचं संशोधन आहे. प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागली आहे, सध्या एका वर्षासाठी." ऐकणारीच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. आणि मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो प्रश्न येतोच, "एवढी शिकून बाटल्याच धुते का?"

आमच्या कुर्ल्यात हा प्रश्न जरा जास्तच कानावर येतो. त्याला कारण आमचं स्टेशन. मध्य रेल्वे आणि हार्बर इथे भेटतात. हार्बरची गाडी धरली की मानखुर्दला उतरून ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र गाठता येतं. तीच गाडी पुढे खाडी ओलांडून पाऊण तासात खारघरला नेते. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधनाचं केंद्र आहे, ज्याला सगळे 'ॲक्ट्रेक' म्हणतात. बसनं गेलं तर पवईची आयआयटी. या तिन्ही ठिकाणी प्रथिनांची रचना शोधून काढण्याचं काम चालतं. त्या शास्त्राला स्ट्रक्चरल बायॉलॉजी असं भारदस्त नाव आहे. एकेकाळी कुर्ल्यातली माणसं डबा घेऊन स्वदेशी मिलमध्ये आणि प्रीमियरच्या मोटार कारखान्यात जायची. आता त्यांच्या नाती डबा घेऊन या प्रयोगशाळांत जातात. आजोबा काय करायचे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नात काय करते ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून मी अशा काही मुलींना आणि त्यांच्या घरच्या बायकांना गाठून बोलतं केलं. जे समजलं ते तुम्हांला सांगते.

खडीसाखरेचा खडा

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, दूध आणि अंडी आठवतात. पण ती झाली खाण्यातली प्रथिनं. आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करत असतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन हे प्रथिन. साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन हेही प्रथिनच. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची एक लांब माळ. पण ती माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिला एक ठराविक आकार येतो. या आकारावरच सगळं अवलंबून असतं. किल्लीचा एक दात झिजला तर कुलूप उघडत नाही, तसं माळेतला एक मणी चुकला तर कधी कधी सगळं कामच बिघडतं.

हा आकार इतका बारीक असतो की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणं शक्यच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती काढली. त्या प्रथिनाचा स्फटिक बनवायचा. स्फटिकात एकाच जातीचे अब्जावधी रेणू, कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे, ओळीनं रचलेले असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठराविक दिशांना फाकतात आणि पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते. त्या ठिपक्यांवरून गणित करून रेणूतला अणू न् अणू कुठे बसला आहे ते काढतात. प्रथिनाच्या स्फटिकाचं असं चांगलं छायाचित्र पहिल्यांदा मिळालं ते १९३४ साली, इंग्लंडमध्ये.

नेहरूनगरमधल्या एका सूनबाईंनी मला गंमत सांगितली. रविवारीसुद्धा ही तासाभरासाठी लॅबला जाते, हे सासूबाईंना काही पटत नव्हतं. "रविवारी कसली गं ड्यूटी? हॉस्पिटल आहे का ते?" एकदा तिनं त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात बसलेले लहान लहान चकचकीत खडे. सासूबाई चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर खडीसाखर!"

अगदी बरोबर बोलल्या त्या. दाट पाक करून बरणीत दोरा सोडायचा, बरणीला धक्का लावायचा नाही आणि दिवसांमागून दिवस वाट बघायची, ही खडीसाखरेची रीत. प्रथिनाच्या स्फटिकाची रीतही तीच. फरक एवढाच की साखर किलोनं मिळते आणि हे प्रथिन महिनाभर राबून चिमूटभर हाती लागतं. शिवाय साखरेचा खडा होणारच हे ठरलेलं असतं. प्रथिनाचा होईल की नाही हे कुणीच आधी सांगू शकत नाही.

दिवसभर करते काय?

आता तिच्या कामाचा एक फेरा बघा. म्हणजे ती रात्री उशिरा का येते तेही कळेल.

जे प्रथिन हवं, समजा माणसाच्या शरीरातलं, त्याचा जीन जीवाणूंमध्ये घालतात. ई. कोलाय नावाचे हे जीवाणू. नाव ऐकून दचकू नका. प्रयोगशाळेतली त्यांची जात निरुपद्रवी असते. आदल्या संध्याकाळी थोडंसं विरजण लावल्यासारखं थोड्या रश्शात हे जीवाणू लावून ठेवायचे. हा रस्सा म्हणजे यीस्टचा अर्क, प्रथिनांची पूड आणि मीठ. सकाळी तो मोठ्या चंबूत घालून ३७ अंशांवर हलवत ठेवायचा. दर थोड्या वेळानं किती गढूळ झाला ते यंत्रावर मोजायचं. ठराविक आकडा आला की त्यात एक रसायन घालायचं. ते घातलं की जीवाणूंना जणू हुकूमच मिळतो आणि ते आपल्याला हवं ते प्रथिन बनवायला लागतात. त्यानंतर बहुधा उष्णता १८ अंशांवर आणून रात्रभर ठेवतात. का? तर उबेत प्रथिन घाईनं तयार होतं, नीट गुंडाळलं जात नाही आणि त्याच्या गुठळ्या होतात. उकळत्या पाण्यात बेसन भसकन पडलं की पिठल्याचं काय होतं ते तुम्हांला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी जीवाणू खाली बसवून गोळा करायचे, बर्फात ठेवून ध्वनिलहरींच्या यंत्रानं फोडायचे आणि चोथा वेगळा काढायचा. मग तो रस निकेल धातू लावलेल्या मण्यांच्या नळीतून सोडायचा. आपल्या प्रथिनाला मुद्दाम एक शेपूट जोडलेलं असतं, ते निकेलला चिकटतं आणि बाकीचा सगळा कचरा वाहून जातो. मग दुसरं द्रावण घालून चिकटलेलं प्रथिन सोडवून घ्यायचं. एवढ्यानं भागत नाही. पुन्हा दुसऱ्या नळीतून गाळायचं, आणि जेलवर चालवून निळ्या रंगात बघायचं. अनेक निळ्या रेघा दिसल्या तर माल भेसळीचा. एकच ठसठशीत रेघ दिसली की त्या दिवशी मुलगी घरी गाणं गुणगुणत येते.

यातलं बरंच काम ४ अंशांच्या खोलीत चालतं. बाहेर मे महिना आणि आत ही स्वेटर घालून उभी. मुख्य म्हणजे मध्येच सोडून येता येत नाही. शुद्ध होत असलेलं प्रथिन उन्हाळ्यातल्या दुधासारखं असतं, बाहेर राहिलं की नासतं. त्यामुळे सहा वाजले म्हणून पर्स उचलली असं या नोकरीत चालत नाही. सकाळी दहाला सुरू केलेली नळी रात्री नऊला संपली तर नऊ. मला वाटतं, घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. "कसली मीटिंग होती एवढा वेळ?" असं आपण विचारतो, आणि बिचारीला मीटिंग नसतेच. ती एका नळीखाली बाटली धरून उभी असते.

मग येतो खडीसाखरेचा भाग. चोवीस खळ्यांची प्लास्टिकची ताटली. प्रत्येक खळ्यात वेगवेगळ्या मापाचं द्रावण. काचेच्या छोट्या चकतीवर प्रथिनाचा एक थेंब आणि खळ्यातल्या द्रावणाचा एक थेंब. कसला थेंब? आपल्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबातून असे वीस-पंचवीस निघतील. चकती उलटी करून ग्रीस लावलेल्या खळ्यावर झाकणासारखी बसवायची. थेंब लटकत राहतो आणि त्यातलं पाणी हळूहळू उडून खालच्या द्रावणात जातं. थेंब आळत जातो. कशात, किती मिठात, किती आम्लतेला स्फटिक धरेल हे माहीत नसतं, म्हणून शेकडो तऱ्हा करून बघायच्या. उद्या बघायचं, तीन दिवसांनी बघायचं, आठवड्यानं, महिन्यानं बघायचं आणि प्रत्येक खळ्यापुढे वहीत लिहायचं : स्वच्छ, गढूळ, साका. रविवारची ड्यूटी ती हीच.

बहुतेक थेंबांत काहीच होत नाही. कधी सुरेख स्फटिक दिसतात आणि टोचून बघितलं तर कडकन तुटतात, म्हणजे ते साधं मीठ निघतं. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुईनं भुसभुशीत होतो. मिठानं फसवलं नाही अशी एकही मुलगी मला भेटली नाही.

आणि खरा स्फटिक आलाच, तर तो बारीकशा फासात अलगद उचलून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा आणि क्ष-किरणांपुढे न्यायचा. काही काम संस्थेतल्या यंत्रावर होतं. अधिक जोरदार किरण हवे असतील तर इंदूरला 'इंडस-२' नावाचं मोठं यंत्र आहे. तिथे प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आपल्या भाभा केंद्रानं खास व्यवस्था उभारली आहे.

तर मग बाटल्या धुते का? धुते. आणि तिनंच धुवाव्यात. बाटलीला साबणाचा अंश राहिला, द्रावणाची आम्लता अर्ध्या अंकानं चुकली, की महिन्याचं काम पाण्यात जातं आणि कुठे चुकलं ते शोधायला दुसरा महिना. लोणच्याची बरणी आपण मोलकरणीवर सोडत नाही, स्वतः पुसून उन्हात ठेवतो, ते काय उगीच?

पण याचा उपयोग काय?

हा प्रश्न सासूनं, नवऱ्यानं, शेजारणीनं, कुणीही विचारावा असाच आहे, आणि त्याला सरळ उत्तर आहे.

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन टोचून घेत असेल. जेवायला बसताना घ्यायचं, झटकन काम करणारं जे इन्सुलिन आज मिळतं, ते प्रथिनाचा आकार ठाऊक झाल्यामुळे त्यातले एक-दोन मणी मुद्दाम बदलून तयार केलेलं आहे. एड्सच्या ज्या औषधांमुळे १९९५ नंतर रुग्ण जगू लागले, त्यांतली काही विषाणूच्या एका प्रथिनाच्या आकारावर बेतलेली आहेत. त्याच प्रथिनाच्या रचनेवर ट्रॉम्बेच्या केंद्रातही काम झालं आहे. कोरोनाच्या वेळी २०२०च्या फेब्रुवारीतच त्या विषाणूच्या काट्याचा आकार शास्त्रज्ञांनी काढला. जगात पुढे आलेल्या कितीतरी लशींमध्ये तो काटा ताठ राहावा म्हणून केलेला बदल या आकाराच्या ज्ञानावरच आधारलेला होता.

आणि बायकांच्या दृष्टीनं सर्वांत जवळचं सांगायचं तर स्तनाचा कर्करोग. 'बीआरसीए-१' नावाचा जीन आहे. तो बिघडलेला असेल तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. त्याची तपासणी आपल्याकडेही होते. पण कधी कधी अहवालात येतं की एक अक्षर बदललेलं आहे खरं, मात्र ते घातक की निरुपद्रवी ते सांगता येत नाही. विचार करा, असा कागद हातात घेऊन एखादी बाई घरी जाते तेव्हा तिला झोप येत असेल का? त्या एका अक्षरानं प्रथिनाचा आकार कुठे आणि कसा बिघडतो, हे स्ट्रक्चरल बायॉलॉजी तपासते. खारघरच्या केंद्रात या बीआरसीए-१ च्या प्रथिनावरच काम झालेलं आहे. म्हणजे चार अंशांच्या खोलीत स्वेटर घालून उभी राहिलेली मुलगी ज्या बाटलीत थेंब गोळा करते, त्यात उद्या तुमच्यामाझ्या घरातल्या कुणाचं तरी उत्तर असू शकतं. उद्या म्हणजे उद्याच नव्हे. वर्षं लागतात.

किती वर्षं? इन्सुलिनचंच उदाहरण घ्या. डोरोथी हॉजकिन या इंग्रज बाईंनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र घेतलं १९३५ मध्ये. त्याचा पुरा आकार त्यांच्या हाती लागला १९६९ मध्ये! मधल्या काळात त्यांनी लग्न केलं, तीन मुलं वाढवली, संधिवातानं हाताची बोटं वाकडी झाली तरी त्याच हातांनी स्फटिक हाताळले, पेनिसिलिनची आणि ज्याची इंजेक्शनं आपण अशक्तपणासाठी घेतो त्या बी-१२ ची रचना काढली. १९६४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्रानं मथळा दिला तो ऑक्सफर्डच्या एका गृहिणीला नोबेल मिळाल्याचा. वाचून हसावं की रागवावं ते तुम्ही ठरवा! इन्सुलिनच्या त्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्याबरोबर एम. विजयन हे आपले भारतीय शास्त्रज्ञही होते, ज्यांनी पुढे बंगलोरला प्रथिन-स्फटिकांचं शास्त्र रुजवलं. आणि जाता जाता, मार्गारेट थॅचरबाईंनीही पदवीच्या शेवटच्या वर्षी हॉजकिनबाईंच्याच हाताखाली स्फटिकांवर काम केलं होतं. नंतर त्यांचं मन दुसरीकडे रमलं, एवढंच.

आपल्या कमलाताई

घरचं उदाहरण हवं असेल तर कमला सोहोनींचं घ्या, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या या बहीण. १९३३ मध्ये मुंबईची बी.एस्सी. झाल्यावर त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नाकारलं. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करायचं. ती अट त्यांना अपमानाची वाटली, आणि होतीच. पण त्यांनी काम असं केलं की पुढे त्या संस्थेचं दार बायकांना उघडलं. तिथे त्यांचा विषय होता दुधातली आणि डाळींतली प्रथिनं! १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवता शिकवता नीरेवर आणि डाळींवर संशोधन केलं. उतारवयात त्या ग्राहकांच्या चळवळीत पडल्या आणि अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी ते गृहिणींना सांगत राहिल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

एका वर्षाच्या अटीवर लागलेली मुलगी म्हटलं की मला कमलाताई आठवतात. अट तेव्हाही एका वर्षाचीच होती. पण म्हणून आजच्या मुलींची अट योग्य ठरते असं मी म्हणणार नाही.

चांगलं तेवढंच सांगून कसं चालेल?

या नोकरीची दुखणी आहेत. पहिलं म्हणजे ती नोकरीच नव्हे. प्रकल्प असेतोवर काम. प्रकल्पाला सरकारकडून पैसे मिळतात, ते संपले की असिस्टंट घरी. कधी पैसे उशिरा आले की पगार दोन-दोन महिने अडकतो. एकीनं मला सांगितलं की तिला तीन महिन्यांचा पगार एकदम मिळाला. तोवर ती रेल्वेच्या पासाचे पैसे वडिलांकडून घेत होती आणि बाहेर कुणाला सांगायची चोरी.

पैशांचं म्हणाल तर नेट किंवा तशी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ज्युनियर रिसर्च फेलोला सरकारी दरानं २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. त्याआधी ३१ हजार होते. परीक्षा न देता असिस्टंट म्हणून लागलेल्या मुलीला याहून कमी. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्याच वर्षी नेटचा अभ्यास सोडू नये, आणि घरच्यांनी त्यासाठी तिला रोजचे दोन तास मोकळे द्यावेत. या फेलोशिपला वयाची अट असते, पण स्त्रियांना तीत पाच वर्षांची सवलत आहे, ही गोष्ट पुष्कळ आयांना माहीत नसते.

दुसरं दुखणं नावाचं. वर्षभर स्फटिक हिनं वाढवायचे आणि प्रबंध छापून आला की हिचं नाव शेवटी आभारात. सगळीकडे असं होतं असं नाही. चांगल्या ठिकाणी रीतसर लेखकांत नाव देतात. पण विचारायला लाजू नये.

अलीकडे आणखी एक भीती ऐकू येते. संगणकच आता प्रथिनांचा आकार सांगतो म्हणे, मग या मुली कशाला? गोष्ट खरी आहे. 'अल्फाफोल्ड' नावाच्या संगणकी पद्धतीनं २०२० मध्ये सगळ्यांना चकित केलं, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामालाच विभागून मिळालं. पण तो संगणक शिकला कशावरून? जगभरच्या प्रयोगशाळांनी काढलेल्या रचनांचा एक सार्वजनिक साठा आहे. १९७१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यात फक्त सात प्रथिनं होती. पुढे लाखाच्या वर रचना त्यात जमल्या, त्यांवरून संगणक शिकला. त्यामागे असे कितीतरी हात, अशा कितीतरी ताटल्या. आणि अजूनही एखादं औषध प्रथिनाला नेमकं कुठे चिकटतं, एक अक्षर बदलल्यानं काय बिघडतं, हे प्रत्यक्ष बघूनच खात्री करावी लागते. मात्र ज्या मुलीला केवळ ताटल्या लावता येतात तिला पुढे अवघड जाईल, हेही खरं. तिनं त्या वर्षात संगणकावरचं काम शिकून घ्यावं. थंड इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची नवी पद्धत आली आहे, तिला २०१७ मध्ये नोबेल मिळालं. तीही जमेल तिथे शिकावी.

घरी एवढं सांभाळा

कामाच्या जागी काचेच्या बांगड्या, लोंबती ओढणी, साडीचा पदर नको. केस घट्ट बांधलेले हवेत. द्रव नायट्रोजन हाताळताना अंगठी आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण धातू गार पडून कातडीला चिकटतो. मंगळसूत्राचं पुष्कळ घरांत फार होतं. "लग्न झाल्या-झाल्या काढून ठेवते?" अहो, ती ते एप्रनच्या आत सरकवते, नाहीतर पर्समध्ये ठेवते आणि संध्याकाळी घालते. त्यात काय मोठं?

एप्रन शक्यतो तिथेच धुवावा. घरी आणलाच तर बाळाच्या कपड्यांबरोबर मुळीच भिजवू नये. डबा प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तिथेच बसून खायचाही नाही.

लग्न झालेल्या मुलीनं एक लक्षात ठेवावं. जेलसाठी वापरतात ती ॲक्रिलामाइडची पूड मज्जातंतूंना घातक असते. डीएनए रंगवायची काही रसायनंही चांगली नव्हेत. हातमोजे घालून, नियम पाळून काम केलं तर एरवी काळजीचं कारण नसतं. पण दिवस राहिल्याची शंका आली की लाजत बसू नये. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना लवकर सांगावं, म्हणजे ती कामं दुसऱ्या कुणाकडे देता येतात. क्ष-किरणांचं यंत्र बंद कपाटात असतं आणि दार उघडलं की किरण थांबतात. तिथे काम करणाऱ्यांना किरण मोजणारा बिल्ला लावायला देतात. तो लावलेला असावा, खुंटीवर टांगलेला नव्हे.

मूल झाल्यावर ज्यांनी काम सोडलं आणि आता मन पुन्हा तिकडे ओढतं आहे, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं अशा खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी २००२-०३ मध्ये योजना सुरू केली. ती आज 'वाइज-किरण' या नावाखाली चालते. जैवतंत्रज्ञान विभागाचीही 'बायोकेअर' ही योजना २०११ पासून आहे. अर्ज करण्याआधी एखाद्या संस्थेतल्या प्राध्यापकांशी बोलून जागा नक्की करावी लागते. जुन्या बाईंना, सरांना फोन करायला संकोच वाटतो खरा, पण जिनं केला तिला बहुधा उत्तर मिळतं.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलीनं काय विचारावं ते आई-मावशीनं आधीच घोकून घ्यावं. प्रकल्पाची मुदत किती उरली आहे? पगार महिन्याच्या महिन्याला होतो का? आधीच्या असिस्टंटचं नाव प्रबंधात आलं का, आणि ती आता कुठे आहे? बाळंतपणाच्या रजेचा नियम काय? इथून पीएच.डी.ला नाव नोंदवता येईल का? हे प्रश्न विचारलेले कुणालाही उद्धटपणाचे वाटू नयेत. वाटले तर त्या ठिकाणाविषयी तेवढं कळलं म्हणायचं.

शिवाय एक अगदी साधा प्रश्न, जो सगळ्या विसरतात. रात्री उशीर झाला तर संस्थेतून स्टेशनपर्यंत जायची काय सोय? खारघरचं केंद्र स्टेशनला लागून नाही, रिक्षा नाहीतर बस लागतेच. शेवटची बस कधी सुटते ते पहिल्या दिवशीच विचारून घरी कॅलेंडरवर लिहून ठेवावं. हार्बरला रात्री बायकांच्या डब्यात रेल्वे पोलिसांचा माणूस असतो, तोच डबा बघून चढायचं. गाडी मानखुर्दला आली की तिनं घरी फोन करायचा, म्हणजे ती कुर्ल्याला उतरेपर्यंत आमटी गरम होते.